हिरव्या रंगाचा जोड

गॅरेजातलं पत्रे ठोकायचं, डेंटिंगचं काम झेपेना, तेव्हा काकांनी बारीक नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा घेतला. जुनी गाडी घेणारे त्यांना सोबत नेऊ लागले. त्यांनी मान डोलावली तरच सौदा. नाव पडलं नळीकाका.

आज शाळेतल्या एका बाईंसाठी ते पांढऱ्या गाडीशेजारी आडवे झाले. दाराखालच्या भोकातून नळी सरकवली आणि मोबाइलवर चित्र उमटलं. अपघातातल्या दोन गाड्या कापून एक केली होती, आणि आतल्या जोडावर हिरवा रंग फासला होता. जोडाला गंज धरू नये म्हणून हिरवा रंग फासायची खोड अख्ख्या गॅरेजात एकट्या काकांचीच. गाडी विकणारा शेठ म्हणजे त्यांचा तेव्हाचा मालक. तो बेरकी शेजारीच दात कोरत उभा होता. सांगावं तर आपलंच पाप, न सांगावं तर बाईंची पोरं यात बसणार.

काका कसेबसे उठले. "बाई, घेऊ नका. दोन गाड्यांची एक केलीय."

बाई भडकल्या. "असली कामं करणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत!"

"काकांना विचारा की," शेठ हसला. "ते ओळखतात त्याला."

नळी तशीच लोंबकळत ठेवून काकांनी दोन्ही हात खिशात घातले.