थांबायचं कधी?

वेगवेगळ्या पेशांतली माणसं शोध कसा घेतात, हा एकच विषय प्राध्यापक बाई अकरा वर्षं उगाळत होत्या. डॉक्टर झाले, ग्रंथपाल झाले, खाणवाले झाले. "संपणार कधी हे?" असं नवरा विचारायचा, तेव्हा त्या नुसत्या अंगावर खेकसायच्या.

आता शेवटची मुलाखत उरली होती, नदीत बुडालेल्यांना शोधणाऱ्या म्हाताऱ्या पाणबुड्याची.

"काका, शोध थांबवता कधी?" बाईंनी थकल्या आवाजात विचारलं. या प्रश्नावर आधीच्या सगळ्यांनी काही ना काही आकडा सांगितला होता.

"काठावरचं माणूस घरी गेलं की."

"आणि नाहीच गेलं तर?"

काकांनी घाटाच्या खालच्या पायरीवर बसलेल्या, बुडालेल्या पोराच्या बापाकडे पाहिलं आणि कण्हत उठले.

"आज नववा दिवस आहे, ताई," म्हणत ते पुन्हा पाण्यात उतरले.