शेळके सरांचे खडूचे चौकोन

कुठल्याशा देशात नवं मूलद्रव्य तयार झाल्याची चार ओळींची बातमी पेपरात आली आणि मी ती शेळके सरांना दाखवली, की ते पहिल्यांदा एकच विचारायचे, "किती जगलं?" कुणी बनवलं, कशापासून बनवलं, हे सगळं नंतर. मी सांगायची, "सर, सेकंदाचा हजारावा भाग." मग ते मान हलवायचे. "बरं. आलं तर खरं."

शहागंजाजवळच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा सरांनी पन्नाशी गाठली होती. मी लासूर स्टेशनहून रोज रेल्वेने ये-जा करायची. पहिल्याच दिवशी गाडी रखडली. धापा टाकत प्रयोगशाळेत शिरले, तर एक उंच, काळासावळा माणूस स्टुलावर चढून भिंतीवर काहीतरी लिहीत होता. ती अख्खी भिंत म्हणजे मूलद्रव्यांची आवर्त सारणी होती, सरांनी स्वतः ऑइलपेंटने रंगवलेली. शेवटचे पाच-सहा चौकोन मात्र खडूने भरलेले.

"रंग संपला का, सर?" मी विचारलं.

"रंग हाय, बाई. नावं ठरली नायत. रशियावाले म्हणतात आम्ही ठेवणार, अमेरिकावाले म्हणतात आम्ही. आता जर्मनीवाले बी आलेत. त्यांचं मिटू द्या, मग रंगवू."

एकशे चार नंबरच्या मूलद्रव्याला तेव्हा पुस्तकात 'उननिलक्वाडियम' म्हणत. त्याचा अर्थ एवढाच, एक-शून्य-चार. मुलं ते नाव घेताना हसून लोळायची. सर दटावायचे, "हसू नका. हजेरीतला नंबर हाय तो. नाव यायचंय अजून."

सर पाचोडकडच्या मेंढपाळ घरातले. घरात शाळेची पायरी चढलेले ते पहिलेच. वडिलांमागं मेंढरं घेऊन हिंडण्यात त्यांची दोन वर्षं बुडाली होती. त्यांचं बोलणं शेवटपर्यंत गावाकडचंच राहिलं, आणि त्या बोलण्यात ते असं काही शिकवायचे की मागच्या बाकावरची मुलं पुढं सरकायची. "हितं अणू फोडायचा नाय, जोडायचा हाय. जड अणूवर हलक्या अणूंचा मारा करायचा. आठवडे न् आठवडे. समदे निसटतात. एखादाच चिकटतो. त्या एकासाठी शिकलीसवरली माणसं डोळ्यात तेल घालून बसत्यात."

एका शनिवारी दहावीच्या वर्गात ते हेच सांगत होते. मी मागं परीक्षानळ्या लावत होते. पहिल्या बाकावरची रुबिना उठली. हुशार आणि स्पष्ट बोलणारी पोरगी. "सर, पापणी लवायच्या आत ते संपतं. मग त्याला नाव तरी कशाला ठेवायचं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी हातातला खडू खिशात टाकला आणि "सोमवारी सांगतो" म्हणून बाहेर पडले. तास संपायला वीस मिनिटं होती. रसायनशास्त्रातला प्रश्न सरांनी टाळलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्या दुपारी त्यांच्याकडे जेवायला जायचं आधीच ठरलं होतं. जावं की नाही या विचारात मी गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसून देठ मोडायला लागले. सरांनी शर्ट खुंटीला लावता लावता, सहज सांगावं तसा रुबिनाचा प्रश्न त्यांना सांगितला.

"मग तुम्ही काय सांगितलं?" काकूंनी विचारलं.

"काय नाय. तास संपला."

काकूंचे हात थांबले. त्या भाजीकडं बघतच म्हणाल्या, "आपल्या लेकीचं नाव सगुणा होतं."

सरांची मंदा आणि दिनकर ही दोनच मुलं मला माहीत होती. सर सावकाश जमिनीवर बसले.

"बारसं कुठं झालं होतं तिचं? नऊ दिवसांची होती, गेली तेव्हा."

"बारा दिवस कोण थांबतंय? मी पहिल्याच दिवशी ठेवलं. कुणी नसलं की हाक मारायची."

"मला का नाय सांगितलं?"

"आत्याबाई म्हणाल्या, बिननावाच्या लेकराचं बोलायचं नसतं. तुम्ही बी कधी विचारलं नाय."

आत्याबाई म्हणजे सरांची आई; त्यांना जाऊनही तोवर बरीच वर्षं झाली होती. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण त्यांनी विचारलं, एखाद्या प्रयोगाबद्दल विचारावं तितक्या बारकाईनं, "हाक मारली की कळायचं का तिला?"

"व्हय. मान वळवायची माझ्याकडं. जरा जराशी."

"डावीकडं की उजवीकडं?"

"उजवीकडं," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. सर त्यांच्या मागून गेले. भाजी मी निवडून ठेवली, दार ओढून घेतलं आणि न जेवताच स्टेशन गाठलं.

सोमवारी सर वर्गात आले आणि आल्या आल्या म्हणाले, "रुबिना, ऊठ. किती जगलं हे मी रोज विचारतो. चुकतं माझं. ते आलं होतं, एवढं पुरं हाय. जे आलं, त्याला नाव पाहिजे." रुबिनाला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिनं ते वहीत लिहून घेतलं. सर लगेच धड्याकडं वळले.

जगातलं ते भांडण मिटून नावं ठरली, तेव्हा सरांनी एका रविवारी येऊन खडू पुसला आणि चौकोन रंगवले. पुढं ते निवृत्त होऊन पाचोडला गेले. तिथंच, थोड्याशा आजारपणानंतर वारले.

मी दहाव्याला गेले. दिनकरनं माझ्या हातात उत्तरकार्याची छापील पत्रिका दिली. मजकूर आजारपणातच सरांनी स्वतः लिहून ठेवला होता. खाली मुलांची नावं होती: कै. सगुणा, मंदा, दिनकर.

माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईनं पत्रिका कुणाकडून तरी वाचून घेतली आणि काकूंना विचारलं, "ही सगुणा कोण गं?"

"थोरली," काकू म्हणाल्या.