शेवटचा काळ आणि गुरुवारची सुटी

न कळवता गेलं तर भाऊ हमखास घरी सापडेल, या हिशेबानं रविवारी पहाटेच नगरहून एसटीत बसले. दानिएल माझा धाकटा भाऊ, कासारवाडीत राहतो. त्याच्या मुलीचा, रूथचा साखरपुडा होऊन दीड वर्ष झालं, तरी लग्नाची तारीख निघेना. ती घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवलं होतं.

दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "दोघंबी कंपनीत गेल्यात. हितल्या कंपन्यांचा आठवड्याचा ऑफ गुरुवारी असतो, ताई." रविवारी सकाळी ख्रिस्ती माणसाच्या दाराला कुलूप बघायची वेळ आली. आता गुरुवारपर्यंत मुक्काम करणं भाग होतं.

संध्याकाळी दानिएलनं बायबल उघडलं. "ताई, लढाया बघ, भूकंप बघ. प्रभू आता कधीही येईल. हॉल कशाला बुक करायचा?"

गुरुवारी रूथला घेऊन चाकणला व्याह्यांकडे निघाले. मोशीच्या पुढे बस कंटेनरमागे अशी अडकली, की कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन आला. "रोजचंच हाय, मावशी," तो म्हणाला.

विहीणबाईंनी मटणाचा रस्सा झणझणीत केला होता. पण व्याही सुखानं जेवू देतील तर ना. "ताई, शेवटच्या काळाचं जे सांगितलंय, ते सगळं पहिल्या शतकातच घडून गेलं. रोमी लोकांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, भविष्य पूर्ण झालं. दानिएलभाऊंनी एवढं कबूल करावं, मग तारीख."

त्या मंदिराचा आणि चाकणच्या मंगल कार्यालयाचा काय संबंध, असं विचारलं, तर ते आतून नकाशाच घेऊन आले. माझं डोकं उठलं. एक म्हणतो सगळं व्हायचंय, दुसरा म्हणतो सगळं होऊन गेलंय, आणि पोरगी बसलीय एकतीस वर्षांची होऊन. रूथ मान खाली घालून भाकरी मोडत होती. डोळे भरले होते तिचे.

निघताना विहीणबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही तारीख आणा. ह्यांचं मी बघते."

घरी आलो तेव्हा दानिएल भांडी घासत होता. मी त्याला ताडताड बोलले. त्यानं नळ बंद केला.

"ताई, लग्नाआधी प्रभू आला, तर रूथ याच घरात असेल. मेलेले उठतील तेव्हा सरोजला आम्ही दोघं मिळूनच भेटू."

सरोज त्याची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

"बाबा, प्रभू चाकणलाही येणारच आहे," दारातून रूथ म्हणाली. "आणि माझी सुटी तिथूनही गुरुवारीच असेल, तेव्हा इकडेच येईन."

दानिएलनं हात पुसले, कॅलेंडरची पानं उलटली आणि पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एसटीत खिडकीजवळ बसले. तारीख मिळाली होती, तरी चिडचिड जाईना. दीड वर्ष मी फोनवर भावाशी त्या भविष्यावरून भांडत होते. सरोज गेल्यापासून त्याच्याकडे चार दिवस राहायला मात्र एकदाही आले नव्हते. यावेळी राहिले, तेही दाराला कुलूप होतं म्हणून.