श्रावणात बंद केलेली गोळी

"गोळी कधीपासून बंद आहे?" पुण्याच्या दवाखान्यात सीटी स्कॅन बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला. बायको शालन म्हणाली, "श्रावण लागल्यापास्नं. मटान बंद, मग गोळी कशाला, म्हनत्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "इस्केमिक स्ट्रोक आहे." म्हणजे गुठळीनं मेंदूचा रक्तपुरवठा अडला होता. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, वाचा बंद. सगळी माझ्याच अकलेची कमाई.

पानशेतला माझी खानावळ आहे. वर्षानुवर्षं मटणाची तर्री चाखत आलो. दोन वर्षांपूर्वी तपासणीत एलडीएल जास्त निघालं. एलडीएल म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आत थर धरणारं वाईट कोलेस्टेरॉल. ते कमी करायला स्टॅटिनची रोजची गोळी मिळाली. आकडा खाली आला आणि मी शेफारलो. श्रावणात मटणच नाही, तर चरबी येणार कुठून, हा शोध माझा. मित्र बबननं शाबासकीही दिली, "लई भारी डोकं चालतं तुजं." उपासाला मात्र डालड्यातली खिचडी आणि तळलेले वडे रोज हाणत होतो. देवालाही फसवलं आणि स्वतःलाही.

तिसऱ्या सोमवारी सकाळी गिऱ्हाइकाला चहा देताना हातातून कप गळून पडला. बबन म्हणाला, "पित्त असंल. लिंबूपानी पी आन् पड जरा." मी खरंच पडायला निघालो होतो. शालननं माझं तोंड पाहिलं, बबनला बाजूला सारलं, रस्त्यावरची जीप थांबवली आणि मला आत कोंबलं.

वेळेत पोचलो म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. लिंबूपाणी पीत बसलो असतो तर ती वेळ निघून गेली असती.

आठ दिवसांनी घरी सोडताना बाई म्हणाल्या, "बरंचसं कोलेस्टेरॉल तुमचं यकृतच बनवतं. ते श्रावण पाळत नाही. आम्हाला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही." मी शाळकरी पोरासारखी मान हलवली.

तुम्हालाही ही गोळी असेल आणि रिपोर्ट चांगला आला असेल, तर तो गोळीमुळेच चांगला आलाय, एवढं डोक्यात घाला. गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, पारावरच्या विद्वानांना नको. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर गाडी बोलवा. लिंबं पिळत बसायला माझ्याइतकं मूर्ख असावं लागतं.

हात बराच सुधारलाय. जीभ अजून जड आहे. जे काही बोलतो ते शालनमुळे, हे तिला तोंडावर सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

परवा रविवारी पुण्याचं एक गिऱ्हाईक माझं बोलणं ऐकून हसलं. "मालक सकाळीच लावून बसलेत वाटतं." माझी मान खाली गेली. शालननं त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली.

"माजा मानूस जिता हाय," ती म्हणाली. "तुमी जेवा."