मामांच्या इंजिनातला धूर

इंजिनाच्या धुराड्यातून धूर निघाला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण इंजिन होतं वीतभर लांबीचं, विजेवर चालणारं, आणि त्याच्या पोटात मी पाचच मिनिटांपूर्वी पुण्याहून मागवलेली नखाएवढी चिप बसवली होती. जळत होती ती चिप.

समोर खाटेवर माझे सासरे बसले होते. उभी नोकरी वाफेच्या खऱ्याखुऱ्या इंजिनांवर ड्रायव्हर म्हणून काढलेला माणूस. ते पुढे वाकले आणि म्हणाले, "पाव्हणं, धूर बी सोडतंय की हे."

"हो मामा," मी म्हणालो. "नवीन सोय आहे."

त्या वर्षी तालुक्यात ऊसच उभा नव्हता, त्यामुळे आमच्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. मी तिथे इलेक्ट्रिकल विभागात. बॉयलर कॉम्प्युटरवर आणला तेव्हा मी हजर होतो, असं मी पाहुण्यांना सांगतो. बाहेरून आलेल्या इंजिनिअरला वारा लागावा म्हणून टेबलफॅन धरून उभा होतो, हे सांगत नाही. घाटनांदूरला मामांच्या घरचा बोअर आटला, म्हणून त्यांना आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आणलं. इथे दोन दिवसांआड का होईना, टँकर यायचा. येताना त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली. तीत हे इंजिन, चार डबे आणि रूळ. नोकरीत असताना सिकंदराबादच्या जुन्या बाजारातून हौसेनं घेतलेलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेबलावर रूळ मांडले आणि गाडी सोडली. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. जुन्या पद्धतीत रुळांतला करंट बटण फिरवून कमीजास्त करायचा. हात थरथरला की करंट थरथरणार. इंजिन उचकी लागल्यासारखं पळालं आणि वळणावर आडवं झालं. मामांनी ते उचललं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि पेटीला कुलूप घातलं.

"का ठेवून दिलं, मामा?" मी विचारलं.

"दुष्काळात कुठं इंजिन चालवत असतेत? पाणी न्हाई, तर वाफ कुठनं यायची?"

विजेच्या इंजिनाला पाणी कशाला, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. चहासुद्धा ते सगळे उठून गेल्यावर प्यायचे. "दादांचा चहा झाकून ठेवलाय," बायको वडिलांबद्दल सांगायची.

पुढे मी कुठेतरी वाचलं की अशा जुन्या इंजिनात डिजिटल चिप बसवता येते. मग रुळांत करंट कायम एकसारखा राहतो. बटणातून फक्त हुकूम जातो, आणि तो किती घाईनं पाळायचा ते चिप ठरवते. हात थरथरला तरी इंजिन थरथरत नाही. मी मामांना एवढंच म्हणालो, "नव्या पद्धतीला पाणी लागत नाही."  त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढून दिली.

आणि मी चिप जाळली.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेपाशी खुर्ची टाकून मामा सगळ्यांना सांगत होते, "आमच्या जावयानं इंजिनाला धूर आणलाय." आमचा शेजारी मला म्हणाला, "कारखान्याचं धुराडं थंड, अन् तुझ्या घरचं सुरू व्हय बे? दाखव की." मी म्हणालो, इंजिन तपासणीला गेलंय. ते खरंच होतं. पिशवीत घालून मी ते अंबाजोगाईला पंख्यांचं वाइंडिंग करणाऱ्या चाचांकडे नेलं होतं.

चाचांनी भिंग लावलं, इंजिन उलटंसुलटं केलं. "साहेब, मोटरचं एक टोक इंजिनच्या अंगालाच टेकलंय. जुन्या मालाची रीतच ही. एका रुळाचा करंट सगळा लोखंडातून मोटरला जातो. तुम्ही ते टोक न सोडवता चिप जोडली. जळणारच ना बिचारी." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "कारखान्यात काय काम करता तुम्ही?"

मी टेबलफॅनचं सांगितलं नाही.

पंख्याच्या वाइंडिंगला लागते त्या पिवळ्या नळीचा गव्हाएवढा तुकडा त्यांनी मोटरला करंट देणाऱ्या ब्रशच्या स्प्रिंगवर चढवला. मोटर लोखंडापासून सुटली. दुसरी चिप आली ती त्यांनीच जोडली. मी भिंग धरलं. घरी येऊन मी चिपला इतकी सावकाश चाल शिकवली की हुकूम मिळाल्यावर इंजिनानं आधी जरा विचार करावा.

रविवारी दुपारी टेबलावर चादर अंथरली, रूळ मांडले. शेजारची सात-आठ माणसं धूर बघायला आली. मामांनी बटणावर हात ठेवला. हात थरथरत होता, आणि खोलीत सगळ्यांना तो दिसत होता. इंजिन मात्र हललं ते भरलेली मालगाडी ओढल्यासारखं, रेटून, हळूहळू. वळण आलं. मी टेबलाच्या कडेला डोळे लावून चाकं बघत होतो. वळण गेलं. तीन फेऱ्या झाल्या आणि गाडी काडेपेटीच्या स्टेशनासमोर अलगद थांबली.

"धूर कुठाय?" शेजाऱ्यानं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "तो धूर नव्हता. चिप जळाली होती. माझ्या हातून."

"ते ठाव हाय मला," मामा गाडीवरची नजर न काढता म्हणाले. "कोळशाचा वास येगळा, वायर जळल्याचा येगळा. तुमी सोय म्हणलात, मी बी सोय म्हणलो." आणि त्यांनी पुन्हा बटण फिरवलं.

माणसं गेल्यावर मी बायकोला म्हणालो, तू पाहिलंस ना, वळणावर जरासुद्धा डगमगलं नाही. ती टेबलावरची चादर काढत होती. चादरीवर चहाचा हा एवढा डाग.

"मी इंजिन नाही बघितलं," ती म्हणाली. "दादा सगळ्यांसमोर चहा प्याले. अर्धा सांडला, तरी प्याले. टँकर परवा येणार आहे, पण आला तरी ही चादर मी इतक्यात धुणार नाही."