भाव सांगणारा आवाज

नवा कॉम्प्युटर घरी आला तेव्हा त्याच्यात काहीच नव्हतं. जुना एका दुपारी लाइट जाऊन परत आली तेव्हा जळाला. यवतमाळच्या दुरुस्तीवाल्यानं त्यातली डिस्क माझ्या हातात दिली आणि उपयोग नाही, हे नुसतं मान हलवून सांगितलं. कामाची मला फिकीर नव्हती. आमचा कोड दूरच्या एका सर्व्हरवर जपून ठेवलेला असतो. नव्या मशीनवर एका ओळीचा हुकूम दिला की सगळं जसंच्या तसं खाली उतरतं. धाकधूक होती ती एकाच गोष्टीची. त्या कोडच्या बाडात माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज होता, आणि बहीण मागच्या पावसाळ्यात गेली.

आम्ही दोघांनी मिळून मारेगावच्या आसपासच्या लोकांसाठी एक ॲप केलं होतं. बटण दाबलं की कापसाचा, तुरीचा आजचा भाव ते बोलून दाखवायचं. दिवसभर राबलेल्या माणसाला बारीक अक्षरं कशाला वाचायला लावायची, हे तिचं म्हणणं. रोज नवा भाव कोण बोलणार? म्हणून तिनं सुटे सुटे शब्द बोलून ठेवले. सगळे आकडे, मग आज, भाव, कापूस, तूर, माल, आवक, रुपये. प्रोग्राम ते एकापुढे एक लावून वाक्य करायचा. बाहेरचा गलका येऊ नये म्हणून ती गोधडीत डोकं खुपसून बोलायची. मी बाहेरून हसवायचो, ती आतून शिव्या घालायची, आणि शिव्या आलेल्या फायली मी शहाण्यासारखा पुसून टाकायचो. त्यातली एक शिवी जरी आज सापडली असती तरी मी देव्हाऱ्यात ठेवली असती.

तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिचा फोन उघडायचा आकडा कोणालाच माहीत नाही. मामेभावाच्या लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते, पण ऐकू येतो तो बँडवाल्यांचा धिंगाणा. तिचा आवाज म्हणून जे काही उरलं होतं ते त्या सर्व्हरवर.

आई खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली.

"येते काय तिचा आवाज?"

"पाहू दे माय."

पहिल्या झटक्याला सर्व्हरनं मला ओळखलंच नाही. मशीन नवं, त्याच्या ओळखीची किल्ली सर्व्हरकडे नाही, परवानगी नाही म्हणाला. माझीच वस्तू मला देताना हा तोरा. मी नवी किल्ली तयार केली, खात्यात नेऊन टाकली, पुन्हा हुकूम दिला. मग टक्के सरकू लागले आणि मध्येच अडले.

"काहून थांबलं?"

"नेट हळू चालून राह्यलं."

शेवटी सगळं उतरलं. आईला नीट ऐकू जावं म्हणून मी आवाज मोठा केला आणि बटण दाबलं. "आज. कापूस. भाव." स्वच्छ, जरा शिष्ट, भाव सांगताना मुद्दाम काढलेला तिचा आवाज. आईनं तोंडावर पदर धरला. पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा लावलं. तूरही ऐकून झाली.

"आता तिले म्हण, मले हाक मार म्हणा."

"ते नाही माय त्याच्यात. भावाचेच शब्द हायेत."

"एवढं बोलली पोरगी, अन् एकदा माय नाही म्हटलं?"

"कापसाच्या भावात माय कायले येईन?"

हे मी खेकसूनच म्हणालो. राग तिच्यावर नव्हता, कोणावर होता ते मला अजून कळलेलं नाही. ती उठली आणि मागच्या अंगणात भांडी घासायला गेली.

मी तसाच बसून राहिलो. मग 'माल'ची फाईल उघडली आणि त्यातला 'मा' कापला. 'रुपये'मधला 'ये' कापला. आईला ती 'माये' अशीच हाक मारायची, भूक लागली की जरा जास्तच लांबवून. दोन्ही तुकडे जोडले. सांध्यात थोडा धक्का बसत होता, तो घासून काढला. जमलं का बघावं म्हणून बटण दाबलं. आवाज मघाशी मोठा केला होता, तो तसाच राहिला होता.

"माये."

मागून लगेच ओ आली. "काय वं?"

मला ती 'काय रे' म्हणते. पोरीबाळींना म्हणायचं 'वं' आमच्या घरात बहिणीला एकटीलाच होतं.

राखेच्या हातांनीच ती दारात आली. तिनं खोलीभर पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्क्रीनकडे. काळीज फाटतं म्हणतात ते मला त्या वेळी कळलं. ती हळूच उंबऱ्यावर टेकली.

"तू जोडलं काय ते?"

"हो."

ती हाताची राख चोळत राहिली.

"पुसून टाक."

"माय, तूच तं म्हटलं होतं."

"पुस बाबू," ती म्हणाली. "नाही तं मी रोज ओ देत बसीन."