मामूंचा चौकीदार

परतूरला मामूंच्या दुकानात गादी भरायला टाकायची म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. कापूस पिंजायला फार वेळ लागत नसे, चहा प्यायला लागायचा. पत्ता विचारायला आलेला माणूससुद्धा त्यांच्या बाकावरून कोरड्या तोंडानं उठत नसे. एकदा वीज तोडायला आलेला वायरमन दोन कप चहा पिऊन, तार न तोडताच परत गेला. ‘बसा की, जल्दी काय हाय?’ हे मामूंचं ठरलेलं वाक्य.

त्याच दुकानात आतल्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ, छोटे मामू, गाद्या शिवत बसत. पायरीवर कुणी दिसलं की ते मान वर न करता विचारत, ‘काय काम काढलं?’ हे दोघं सख्खे भाऊ आहेत असं सांगितलं तर नवखा माणूस हसायचा. मी समोरच राहायचो, शाळेत विज्ञान शिकवायचो, तरी मलाही हे कोडं सुटलेलं नव्हतं.

तरुणपणी दोघं एकाच वस्तऱ्यानं दाढी करत. बहुधा त्यातूनच दोघांना एकदम कावीळ झाली. घरच्यांनी दोघांच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. माळ सैल होत गळ्यात आली, मग कमरेखाली उतरली, आणि कावीळही उतरली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मामू सांगायचे, ‘छोट्याची माळ माझ्याआधी उतरली. त्याला सगळ्यातच घाई.’

पुढे कैक वर्षांनी रक्तदान शिबिर भरलं. मागायला आलेल्याला नाही म्हणणं मामूंना जमत नसल्यामुळे ते रक्त देऊन आले. काही दिवसांनी निरोप आला, तुमचं रक्त चालणार नाही, तपासून घ्या. तपासलं तर हिपॅटायटिस बी. तो जुना विषाणू अजून यकृतात मुक्काम ठोकून होता.

त्या दिवसापासून मामूंनी चहा बंद केला. स्वतःचा नव्हे, लोकांचा. आपल्या कपातून कुणाला काही व्हायला नको म्हणून. गिऱ्हाईक सवयीनं बाकावर बसायचं, वाट बघायचं, आणि मामू कापसाकडे बघत राहायचे. चहानं हा आजार पसरत नाही, असं मी त्यांना परोपरीनं सांगितलं.

‘तुम्ही शाळेतले सर,’ ते म्हणाले. ‘डॉक्टर थोडेच हाव? माणूस कोरडाच जाऊन राह्यला, सर.’

त्यांचा इतका पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

शेवटी आम्ही तिघं जालन्याला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी छोट्या मामूंचंही रक्त तपासलं. त्यात विषाणू येऊन गेल्याची खूण होती, विषाणू नव्हता.

‘वस्तरा एक, ताट एक,’ मामू म्हणाले. ‘मंग माझ्याकडंच कसा राह्यला?’

बाईंनी समजावलं, ‘शरीरात चौकीदार असतात. परका कोण, हे त्यांना किती ओळखता येतं ते बरंचसं जनुकांवर असतं. जनुकं आईवडिलांचीच, पण प्रत्येक लेकराच्या वाट्याला वेगळी येतात. काहींचा चौकीदार हा विषाणू ओळखून हाकलतो, काहींच्याला तो ओळखूच येत नाही. एवढं एकच कारण नसतं, पण हेही एक असतं.’

मामूंनी जरा विचार केला. ‘म्हंजे ह्याच्या चौकीदारानं इचारलं, काय काम काढलं? आन् माझा म्हणला, बसा की, जल्दी काय हाय.’

छोटे मामू सोडून सगळे हसले. बाईंनी रोजची गोळी लिहून दिली, वस्तरा वेगळा ठेवायला सांगितलं, घरच्यांची तपासणी आणि लस सांगितली. मामूंचं लक्ष भलतीकडेच होतं.

‘मॅडम, चहानं होते का?’

‘चहानं नाही, कपानं नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही.’

‘बिलकुल न्हाई?’

‘बिलकुल नाही.’

परतीच्या गाडीला वेळ होता. जालन्याच्या फलाटावर मामूंनी चहावाल्याची किटली रिकामी केली. हमालांना पाजला, कॉलेजच्या पोरींना पाजला, बाकावर झोपलेल्या एका माणसाला उठवून पाजला. छोटे मामू कपाळाला हात लावून एवढंच पुटपुटले, ‘काय खर्चा हाय का काय!’

मामू त्यानंतर बरीच वर्षं जगले. गोळी रोज, न चुकता, चहाबरोबरच घेत. गेले ते हृदयविकारानं. यकृतानं शेवटपर्यंत साथ दिली.

ते गेल्यावर दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी मी पायरी चढलो. मामूंचा बाक रिकामा होता. छोट्या मामूंनी मान वर न करता विचारलं, ‘काय काम काढलं?’

काम काहीच नव्हतं. मी पायरीवरच उभा राहिलो. त्यांनी सुई गादीत खोवली आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

‘बसा,’ ते म्हणाले, आणि चहा सांगायला स्वतः उठले.